चुरी सरांचं इंजेक्शन

चुरी सरांच्या टेबलाशी गेलं, की आपण तोंड उघडायच्या आत आपल्या हातात काहीतरी येतं. स्टेपलर, सेफ्टी पिन, आल्याची वडी. बहुतेक वेळा आपल्याला नेमकं तेच हवं असतं. एकदा मॅनेजर साहेब त्यांना झापायला आले. सुरुवात म्हणून ते नुसते खाकरले, तर सरांनी खोकल्याची गोळी पुढे केली. साहेबांनी ती तोंडात टाकली आणि मग झापणं काही जमेना.

"ज्याला जे लागतं ते त्याच्या हातात द्यावं, वैशाली. त्याला शोधायला पाठवू नये." हे वाक्य मी दिवसातून चारदा तरी ऐकते.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत आमची औषधांचा कच्चा माल बनवणारी कंपनी आहे. मी लॅबमध्ये केमिस्ट आणि सर कंपनीचे एकुलते एक प्रोग्रामर. मूळचे एडवणचे, पंचावन्नच्या पुढचे, उन्हाळ्यातही फुल शर्ट. कंपनीची दोन युनिटं: एक बोईसरला, दुसरं तारापूरच्या बाजूला. दोन्हींचे डेटाबेस वेगळे. लॅबचे निकाल नोंदवणारा आणि मालाची सर्टिफिकेटं छापणारा आमचा प्रोग्राम मात्र एकच, आणि तोही जुनापुराणा. त्यातली प्रत्येक स्क्रीन डेटाबेसचा पत्ता स्वतःजवळ बाळगायची आणि स्वतःच जाऊन कनेक्शन जोडायची. सर्व्हर बदलला तेव्हा अर्ध्या स्क्रीन जुन्याच पत्त्यावर जाऊन दार ठोठावत बसल्या.

सरांनी शपथ घेतल्यासारखा सगळा प्रोग्राम नव्यानं लिहायला घेतला. आता कनेक्शन एकाच जागी तयार होणार आणि स्क्रीन उघडताना तिच्या हातात दिलं जाणार. "ह्याला डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हणतात," त्यांनी कँटीनमध्ये जाहीर केलं. इंजेक्शन म्हणजे मधुमेहाचंच असं समजून कँटीनवाल्या मावशींनी त्या दिवसापासून त्यांच्या चहात साखर घालणं बंद केलं. सर तो बिनसाखरेचा चहा तीन आठवडे प्याले. कारण विचारलं तर म्हणाले, "दिला तसा घ्यावा."

नवा प्रोग्राम सोमवारी सुरू झाला. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी गेटवरून जात होते. ट्रकमध्ये ड्रम चढत होते. सहज एका ड्रमवर नजर गेली. लॉट बेचाळीस, युनिट एक.

मी ट्रककडे वळले. बेचाळीस नंबरचा लॉट मी स्वतः तपासला होता. त्यात पाण्याचा अंश जास्त निघाला होता आणि मी तो नापास केला होता. ड्रायव्हरकडे सर्टिफिकेट मागितलं, तर त्यावर स्वच्छ 'पास'.

"भैया, गाडी मत निकालना!" मी ओरडले आणि सरांना फोन लावला.

सर धावत आले. मी त्यांना पहिल्यांदाच धावताना पाहत होते. सर्टिफिकेट त्यांनी दोनदा वाचलं.

"हा निकाल बेचाळीसचाच आहे," ते हळूच म्हणाले. "पण युनिट दोनच्या बेचाळीसचा."

दोन्ही युनिटांचे लॉट एकपासूनच सुरू होतात. सर कॉम्प्युटरला चिकटले. मी मागे उभी. सिक्युरिटीवाला ट्रकच्या चाव्या मुठीत धरून दारात. तासाभरानं सरांनी कपाळावर हात मारला.

"दोन्ही कनेक्शनांना मी वेगळं नावच दिलं नाही गं. कोण कुठल्या युनिटचं, हे प्रोग्रामला कळणार कसं? नंतर नोंदवलेलं युनिट दोनचं कनेक्शन पहिल्यावर बसलं आणि माल पाठवायच्या स्क्रीनला तेच मिळत राहिलं. चूक माझी आहे."

मॅनेजर साहेबांसमोरही त्यांनी हेच शब्द उच्चारले, एकही कमी न करता. मग प्रत्येक कनेक्शनला युनिटचं नाव दिलं. कुठल्या स्क्रीनला कुठलं द्यायचं ते लिहिलं, आणि नाव जुळलं नाही तर स्क्रीन उघडणारच नाही अशी तजवीज केली. त्यानंतर आम्ही दोघांनी सोमवारपासून बाहेर गेलेला एकेक लॉट माझ्या लॅबच्या वहीशी ताडून पाहिला. शेवटचा जुळला तेव्हा मी खुर्चीत अक्षरशः कोसळले. चुकीचा लॉट एकही गेला नव्हता. बेचाळीसचे ड्रम ट्रकमधून उतरत होते, आणि तो खडखडाट मला वाजंत्रीसारखा गोड लागत होता. सर हसत होते, चष्मा पुसत होते आणि परत हसत होते.

सहाला कंपनीची बस सुटली. सर फाटकाशीच उभे.

"सर, बस गेली!"

"जाऊ दे." ते म्हणाले, "एवढं मोठं संकट टळलं आज. घरी जाऊन कोणाला सांगू? सुनंदा होती तोवर रोज ऐकायची. कळायचं काही नाही तिला. पण भाजी चिरता चिरता शेवटपर्यंत ऐकायची."

सरांच्या पत्नीला, सुनंदाकाकूंना, जाऊन दोन वर्षं झाली होती. इतके दिवस शेजारी काम करून मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, की संध्याकाळी तुम्ही काय करता.

मी स्कूटी काढली. "बसा सर. मुरब्याला, आमच्या घरी जाऊ. आई घरीच आहे."

आई दारातल्या ओट्यावर बोंबील साफ करत बसली होती. सरांनी पाट ओढला आणि सुरुवात केली: सर्व्हर, स्क्रीन, कनेक्शन, ट्रक, सगळं. आईचे हात चालू होते. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "म्हणजे दोन पोरांना तुमी एकाच नावानं हाक मारली, आन दर खेपेला धाकटाच धावत आला. असंच ना?"

सर तिच्याकडे बघतच राहिले. "ताई, अगदी असंच!"

"मंग आता बरं हाय ना सगळं?"

"बरं आहे," सर म्हणाले. "सगळं बरं आहे."

"मंग जेवूनच जा. आन ते ट्रकचं परत सांगा. मना नीट ऐकू नाय आलं."

आईचे कान चांगले तिखट आहेत. मी आत तांदूळ धुवायला गेले. बाहेर सरांनी घसा साफ केला आणि सोमवारपासून परत सांगायला लागले.