विहीणबाईंना पायी बारी दाखवली त्याची गोष्ट

मंडळी, इटलीच्या दक्षिणेतलं आमचं बारी शहर पायी आणि तेही एका दिवसात दाखवावं, तर ते या सबीनोनंच! हे सगळे म्हणतात असं नाही, मीच म्हणतो. पण उगाच म्हणत नाही. उभा जन्म मी या शहरात बस हाकली. डोळे मिटूनसुद्धा चालवीन असं मी म्हणायचो, तेव्हा प्रवासी म्हणायचे, रोज तशीच तर चालवतोस!

तर झालं असं, की माझ्या रोझाल्बाचं लग्न ठरलं. मुलगा पार उत्तरेतल्या तोरिनोचा, एदोआर्दो. मुलगा सोन्यासारखा, त्याबद्दल ब्र काढायचा नाही. पण त्याची आई, म्हणजे आमच्या होणाऱ्या विहीणबाई ओत्ताविया, यांच्या मनात लग्न उत्तरेत, कुठल्याशा तळ्याकाठी करायचं होतं. मोजकी माणसं आणि हातात बशी घेऊन उभ्यानं जेवण. उभ्यानं! माझ्या मुलीच्या लग्नात लोक उभ्यानं जेवणार! आमच्याकडे नवरी बापाच्या दारातून निघते, अख्खी गल्ली दोन्ही बाजूंना उभी राहून तिला बघते, म्हाताऱ्या डोळे पुसतात. हे तळ्याकाठी कुठून आणायचं? रोझाल्बा माझ्या उंबऱ्यावरून निघाली नाही तर मला जन्मभर चुटपुट लागली असती. खरं सांगतो, रात्र रात्र झोप नव्हती.

शेवटी विहीणबाईंचा फोन आला. "मी एक दिवस येते. तुमचं शहर पायी बघते आणि संध्याकाळच्या गाडीनं परतते. मग लग्न कुठे ते ठरवू."

"या की! सगळं शहर दाखवतो!" मी छाती फुगवून म्हणालो.

बायकोनं, फिलोमेनानं, आदल्या दिवसापासून स्वयंपाकघराचा ताबा घेतला. सकाळी निघताना मला दारात अडवलं. "सबीनो, नीट ऐक. दीड वाजता जेवायला घरी यायचं. तोवर तिच्या पोटात कण जाता कामा नये! ओव्हनमध्ये थर लावून भात-बटाटे-शिंपल्या ठेवल्यात, सात तऱ्हेची तोंडी लावणी केलीत, ऑक्टोपस शिजतोय. कुणी मध्येच तिला खायला घातलं ना, तर तुला खाऊन टाकीन."

"कोण घालणार?"

"तुझी आत्या! तिच्या गल्लीतून नेऊच नकोस."

"अगं, आत्याची गल्ली चुकवून जुनं गाव दाखवायचं कसं?"

"आयुष्यभर बस वळवलीस ना? तशी विहीण वळव!"

विहीणबाई स्टेशनवर उतरल्या. उंच, सडसडीत, पायात डोंगर चढायचे बूट. हात हलवतानासुद्धा त्या वेळ वाया जाऊ नये अशा बेतानं हलवत होत्या. "सबीनोजी, आपण थेट चालायला लागू. आणि मी काल संध्याकाळपासून पोटाला विश्रांती दिली आहे. दक्षिणेतलं जेवण हे एक संकट असतं, असं मला सांगण्यात आलं आहे."

"छे छे! अफवा आहेत," मी म्हणालो.

आता वळवायची म्हणून मी विहीण वळवली. पण बस जिथून जाते ते रस्ते वेगळे आणि जुन्या गावातले बोळ वेगळे. एक कमान चुकली, दुसरी चुकली, आणि तिसऱ्या कमानीखालून बाहेर पडतो तो थेट आत्याच्या दारात! नुंत्सिया आत्या खुर्ची टाकून, पाट मांडीवर घेऊन कानाच्या आकाराचा पास्ता वळत बसली होती. तिचा अंगठा थांबला.

"सबीन्या! मेल्या, वाट चुकलास की काय? आणि ही कोण? विहीण? अगं बाई, किती वाळलीय! बस गं बाई, बस! फोकाच्चा पाव आत्ताच भट्टीतून आलाय. वांगी आहेत, चीज आहे. कालची मीटबॉल्सची आमटी गरम करते."

इथं तुम्हाला एक सांगायला हवं. आत्याला नाही म्हणायची सोय नाही. माझ्या थोरल्या भावानं एकदा पोट भरलंय म्हणून तिचं वांगं परत केलं, तर ती त्याच्या लग्नात पहिल्या बाकावर पाठ फिरवून बसली होती. आमच्या गावात खाण्याला नाही म्हणायला एकच कारण चालतं, आणि ते म्हणजे दुखणं. घाई, पथ्य, आवडनिवड यातलं काही चालत नाही. आजारी माणसाला मात्र सगळं माफ.

मी आत्याच्या कानाशी वाकलो आणि आमच्या बोलीत म्हणालो, "आत्या, तिला काही देऊ नकोस गं. पोटाचं दुखणं आहे तिला. डॉक्टरनं फक्त चालायला सांगितलंय."

आमची गल्लीतली बोली विहीणबाईंना ओ की ठो कळत नाही. त्यांना वाटलं, हवापाण्याच्या गप्पा चालल्यात. त्या हसून मान हलवत होत्या.

आत्यानं गालाला हात लावला. "पोटाचं? आणि तरी हसतेय बघ, बिचारी!"

सुटलो! असं मला वाटलं. म्हणजे बघा, माझी अक्कल!

पुढच्या गल्लीत शिरतो तोच दोनाता दारात उभी. ही आत्याची जीवश्चकंठश्च शेजारीण. आमच्याकडे बातमीला चालावं लागत नाही, ती एका बाल्कनीतून दुसऱ्या बाल्कनीत उडी मारते. दोनाताच्या हातात वाफाळता पेला होता. लिंबाची साल उकळलेलं पाणी! पोट बिघडलं की आमच्याकडे हेच देतात.

"पी गं माझे माय, एका दमात पी," दोनाता म्हणाली.

"हे काय आहे?" विहीणबाईंनी विचारलं.

"स्वागत!" मी ठोकून दिलं. "पाहुण्यांना देतो आम्ही."

"गरम पाणी? किती साधी पद्धत!" विहीणबाई खूश झाल्या आणि घटाघटा प्यायल्या.

वळणावर दुसरा पेला आला, त्यात तमालपत्र होतं. कमानीखाली तिसरा, तो बडीशेपेचा. वरच्या मजल्यावरची एक म्हातारी तर बाल्कनीतून टोपली सोडून चौथा पेला खाली पाठवत होती. विहीणबाई सगळे संपवत होत्या, कारण पाहुणचाराला नाही म्हणू नये एवढं त्यांनाही माहीत होतं. अर्ध्या तासानं त्या माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "सबीनोजी, इथं जवळपास प्रसाधनगृह आहे का? जरा तातडीनं."

मी समोरच्या दारावर थाप मारली. "ताई, पाहुणीला जरा आत जाऊ द्या! घाईचं आहे!"

झालं! विहीणबाई आत गेल्या आणि बाहेर गल्लीभर सुस्कारे सुटले. "बघा बघा, म्हटलं नव्हतं! थांबतच नाहीये बिचारीला!" त्या बाहेर आल्या तेव्हा दारात ओळीनं चार खुर्च्या मांडलेल्या. एकीनं त्यांचा हात धरला, दुसरीनं पाठीला उशी लावली.

"मी थकलेली नाही," विहीणबाई म्हणाल्या. "आपण किल्ला बघायला जाणार होतो ना?"

"जाणारच!" मी म्हणालो. पण आम्ही निघालो तशा बायकाही निघाल्या, खुर्च्या घेऊन! म्हणजे पुढे विहीणबाई डोंगरी बुटांनी ढांगा टाकतायत, मागे मी धापा टाकतोय, आणि माझ्या मागे सात-आठ बायका डोक्यावर खुर्च्या घेऊन येतायत. विहीणबाई जरा कुठे कोनाड्यातली देवाची तसबीर बघायला थांबल्या, की त्यांच्या मागे खट्कन खुर्ची!

तेवढ्यात आत्या येऊन पोचली. ती एका हातात सूपची बशी आणि दुसऱ्या हातात तेलाची बाटली घेऊन आली होती. "सबीन्या, हे पोटाचं नाही. हिला दृष्ट लागलीय. थांब, बघते."

भर रस्त्यात विहीणबाईंना बसवलं. बशीत पाणी ओतलं, बशी त्यांच्या डोक्यावर धरली आणि आत्या पुटपुटत पाण्यात तेलाचे थेंब सोडायला लागली. थेंब पसरले. सगळ्या बायकांनी एकदम "आई गं!" केलं. दृष्ट म्हणजे साधीसुधी नव्हे, जबर दृष्ट!

"हे काय चाललं आहे?" बशीखालून विहीणबाईंनी विचारलं.

"आमच्याकडचं तेल," मी म्हणालो. "त्याचा दर्जा दाखवतायत."

"डोक्यावर?"

"पाहुण्यांना डोक्यावर घेतो आम्ही!"

विहीणबाईंनी बोटाला लागलेलं तेल चाटून बघितलं आणि म्हणाल्या, "उत्तम आहे." आत्याला हे कळलं नाही. तिला वाटलं, उपाशी जीव तेल चाटतोय. तिच्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं.

मग मात्र हद्द झाली. सान निकोलाच्या देवळासमोर पोचतो, तर पायऱ्यांवर डॉन मिकेले, आमचे पाद्री, गळ्यात जांभळा पट्टा घालून आणि हातात शेवटच्या घटकेला लावायच्या तेलाची डबी घेऊन उभे! कुणीतरी त्यांना जेवणावरून उठवून आणलं होतं. "कुठे आहे आजारी बाई?" ते विचारतायत, आणि आजारी बाई त्यांच्या शेजारून दोन-दोन पायऱ्या एका ढेंगेत चढून गेली!

"ही?" डॉन मिकेलेंनी डोळे मोठे केले.

"जाताना असंच बळ येतं हो माणसाला," आत्या पदराला डोळे पुसावेत तशी ॲप्रनला पुसत म्हणाली.

मी डॉन मिकेलेंच्या पाया पडायचाच बाकी होतो. कसंबसं त्यांना परत जेवायला पाठवलं. तेवढ्यात दीड वाजत आला. सगळं शहर दाखवणार होतो, आणि दाखवल्या होत्या चार गल्ल्या, एक देऊळ आणि एक संडास! किल्ला लांबून दिसला. विहीणबाईंनी घड्याळ बघितलं. गेलं लग्न तळ्याकाठी, असं माझ्या मनानं घेतलं. पण एक आशा होती, फिलोमेनाचं जेवण! त्या थर लावलेल्या भातापुढे भल्याभल्यांनी हात टेकलेत. एक घास खाल्ला की विहीणबाई विरघळणार!

दार उघडलं. घरात वास कसलाच नाही. टेबलावर पांढरी चादर, आणि मधोमध एका वाडग्यात पांढरा, उकडलेला, कोरडा भात. शेजारी तेलाची छोटी बाटली.

"फिलोमेना, जेवण कुठाय?" मी स्वयंपाकघरात घुसून विचारलं.

"आत्यानं कळवलं की सगळं!" ती डोळे लाल करून म्हणाली. "आतडी कामातून गेलीत म्हणे तिची! वासानंसुद्धा मळमळेल म्हणून अख्खं जेवण समोरच्या बिऱ्हाडात देऊन टाकलं. दोन दिवस राबले रे मी! आणि माणसानं निदान एक फोन करावा!"

"अगं, ती ठणठणीत आहे! मी आपलं आत्याला..."

"तू आपलं आत्याला काय?"

उत्तर द्यायच्या आत समोरच्या बाल्कनीतून शेजाऱ्याचा आवाज आला. "फिलोमेना! शिंपल्या म्हणजे काय झाल्यात! देव तुझं भलं करो! ऑक्टोपसनंतर आम्हाला उठवत नाहीये!" फिलोमेनानं हातातला झारा ज्या तऱ्हेनं धरला, ते बघून मी मुकाट्यानं टेबलावर जाऊन बसलो.

जेवलो. म्हणजे भात चावला. रोझाल्बा माझ्याकडे बघत होती, फिलोमेना भिंतीकडे बघत होती, आणि समोरून बश्या चाटून पुसल्याचे आवाज येत होते. विहीणबाईंनी वाडगाभर भात संपवला, थोडं तेल घालून आणखी मागून घेतला, आणि सुरी-काटा सरळ ठेवून माझ्याकडे वळल्या.

"सबीनोजी, मला स्पष्ट बोलायची सवय आहे."

रोझाल्बानं माझा हात घट्ट धरला.

"मी इथं येताना ठाम होते. मला वाटत होतं, इथले लोक पाहुण्याला खाऊ घालून घालून जीव नकोसा करतात. आणि आज काय पाहिलं? दारोदारी फक्त गरम पाणी! बसायला खुर्ची! डोक्यावर दोन थेंब तेल! आणि घरी हा सात्त्विक भात. एवढी साधी, संयमी माणसं मी आमच्याकडेही पाहिली नाहीत. लग्न इथंच होईल. रोझाल्बा याच दारातून निघेल."

मी उठून विहीणबाईंना मिठीच मारली! रोझाल्बा रडायला लागली, फिलोमेना रडायला लागली, मीही रडलो. लाज कसली! पोरगी माझ्या उंबऱ्यावरून निघणार होती.

"फक्त एकच अट," विहीणबाई मिठीतून सुटत म्हणाल्या. "जेवण अगदी आजच्यासारखंच हवं. हाच भात. आणि वाइनच्या जागी ते लिंबाचं पाणी."

फिलोमेनाच्या रडण्याचा सूर बदलला तो मला लगेच ओळखू आला.

खरं सांगायची सोयच राहिली नव्हती. काय सांगणार? की मी तुम्हाला गावभर मरणाच्या दारात बसवलं होतं? संध्याकाळी त्यांना गाडीत बसवलं आणि तेव्हापासून पत्रिका वाटत फिरतोय. फिलोमेना माझ्याशी बोलत नाही, पण पत्रिकांवर पत्ते घालते. मोठमोठी बिऱ्हाडं आहेत हो आमची, लग्न म्हटलं की आदल्या दिवसापासून उपाशी राहणारी! प्रत्येकाच्या दारात उभा राहतो, घाम पुसतो, आणि आमच्या गावात आजवर कुठल्या नवरीच्या बापानं म्हटलं नसेल ते म्हणतो. तुम्हालाही आग्रहाचं निमंत्रण आहे बरं का, मंडळी. सहकुटुंब या, पोरीला आशीर्वाद द्या. फक्त येताना... घरून जेवून या!