नाव झाकलेलं पापलेट

रोशनी नोकरी घेऊनच घरी येणार होती. विषय संपला!

"सोमवारपर्यंत काम धर, नायतर सतरा नंबरचा फॉर्म भर आणि बाहेरून दहावीला बस," आईने, म्हणजे पार्वतीने, बजावलं होतं. परत बीजगणित! त्यापेक्षा रोशनीने मुशी माशाच्या जबड्यात हात घातला असता.

काम होतं अंधेरीत, घरपोच मासळी पाठवणाऱ्या एका गाळ्यात. मासे साफ करायचे, डबे भरायचे. अठरा वर्षांच्या रोशनीचा हात वर्सोव्याच्या बाजारात आईशेजारी बसून तयार झालेला. अडचण एकच. गाळ्याची मालकीण सुंदराबाई! बाजारात बसायच्या जागेवरून तीन वर्षांपूर्वी तिचं आणि पार्वतीचं असं वाजलं होतं, की टोपलीतला बर्फ वितळला! पार्वतीची पोर म्हटल्यावर बाई उभं तरी करेल का?

पण बाईचा मुलगा सुबोध कसलातरी कोर्स करून आला होता. "नाव नाही, गाव नाही, चेहरा नाही," तो म्हणाला. "पडद्यामागे पापलेट साफ करायचं. ताटाला नंबर. आई फक्त ताट बघणार."

"आणि मागाहून ओळखपाळख निघाली तर?" रोशनीने डोळे बारीक केले.

"तरी निकाल बदलणार नाही."

"लिहून दे."

बिचाऱ्याने सही करून दिलं!

रोशनी ऐटीत पडद्यामागे गेली, तर समोर कोण? जान्हवी! त्यांच्याच गल्लीत भाड्याने राहणारी, कणकवलीची नवी नवरी. कालच येऊन म्हणाली होती, "पाहुणे येतायत गं, पापलेट साफ करायला शिकव ना." आणि रोशनीने भाव खात खात सगळं शिकवलं होतं!

"काय गं, आले का पाहुणे?" रोशनी फणकारली.

"येतील ना. नोकरी लागू दे, मग बोलावते," जान्हवी गोड हसली.

रोशनीच्या मस्तकात तिडीक गेली. पण नोकरी महत्त्वाची!

पाचजणींपैकी पहिल्या तिघींची ताटं बाहेर गेली. पडद्यापलीकडून सुंदराबाईंचा आवाज आला, "एक नंबर... हा हात मढ गावचा. सासूनं शिकवलंय हिला, आईनं नाय."

एक नंबरवाली दचकली. "अगं बाई, खरंच की!"

"आई, ओळखायचं नाही! मार्क द्यायचे!" सुबोध ओरडला.

"अरे, हात दिसतो त्याला मी काय करू? डोळे फोडून घेऊ?"

पार्वतीचा हात तर अख्ख्या बाजाराला पाठ! पोट न फाडता कल्ल्यातून दोन बोटांनी घाण काढायची, वर तीन तिरप्या चिरा. तसं ताट बाहेर जाणं म्हणजे आईने स्वतः जाऊन अंगठा उठवणं! वाट लागली!

"पुढच्या दोघी! दहा मिनिटं!"

शेजारी जान्हवीने पापलेट उचललं आणि कल्ल्यात दोन बोटं घातली. थेट पार्वतीचा हात! रोशनीच्या डोक्यात ट्यूब पेटली. ही बया आईच्या हाताने कापणार, बाई भडकणार, हिला हाकलणार! आपण फक्त वेगळं कापायचं! तिने पोट उभं फाडलं, शेपूट उडवलं, आडव्यातिडव्या सात चिरा मारल्या. पापलेट रिक्षाखाली आल्यासारखं दिसायला लागलं. पण पार्वतीचं? शक्यच नाही! झकास!

ताटं बाहेर गेली. रोशनीने पडद्याला कान लावला.

"चार नंबर," सुंदराबाईंचा आवाज खाली आला. "सुबोध, हा पार्वतीचा हात हाय."

आता पेटणार! रोशनीने मूठ आवळली.

"तीन वर्षं झाली, असं पापलेट बघितलं नाय. तोंडाची फटाकडी बाई, पण हाताला सोनं हाय. तिची पोर असणार ही. घे तिला. त्या निमित्ताने तरी बोलणं सुरू होईल."

"आणि पाच नंबर?"

"ह्या बिचाऱ्याला कोणी मारलं रे?"

रोशनीने पडदा असा ओढला, की दांडी खाली आली! "ओ मावशी! पार्वतीची पोर मी आहे! ही नाही, मी!"

सुंदराबाईंनी पाच नंबरचं ताट बघितलं, मग रोशनीला. "मग असं चोरासारखं का कापलंस गो?"

"तुम्ही ओळखाल म्हणून!"

बाई हळूच म्हणाल्या, "सुबोध, हिला अजून एक पापलेट दे."

सुबोधने नकारार्थी मान हलवली. "आधी तो लिहून घेतलेला कागद काढ. मोठ्याने वाच."

"ओळख निघाली तरी..." रोशनीने पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "निकाल बदलणार नाही." खाली सही. तारीखसुद्धा! "फाडून टाकते ना हा!"

"माझ्याकडे झेरॉक्स आहे."

मागे जान्हवी हात धूत होती. अगदी सावकाश.

घरी सगळं सांगावंच लागलं. आता शिव्या पडणार! पण पार्वतीने हातातलं काम बाजूला ठेवलं. "हाताला सोनं? सुंदराबाई म्हणाली? परत सांग."

रोशनीने लिहिता लिहिता चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळेला आईने डोळ्यांना पदर लावला. चला, सुटलो! रोशनीने पेन खाली ठेवलं.

"सांगत राहा गो," आई नाक ओढत म्हणाली आणि सतरा नंबरचा फॉर्म परत पुढे सरकवला. "पण हात थांबवू नको. नाव लिहिलंस ना? ते तेवढं झाकू नको आता."