मोघेकाकांचा अठरा मीटरी रस्ता

मोघेकाकांकडे पहिल्यांदा येणारा पाहुणा हमखास तात्यांच्या ज्वारीत घुसतो.

दोष पाहुण्याचा नसतो. काका फोनवर पत्ताच तसा सांगतात. "हमरस्ता सोडला की अठरा मीटरी रस्त्यानं सरळ या. उद्यान लागेल, तिथून डावीकडे." आता आमच्या वाघोलीच्या या टोकाला अठरा मीटरी रस्ता म्हणजे तात्यांचं शेत, आणि उद्यान म्हणजे बिल्डरनं टाकलेला राडारोडा. पाहुणा चिखलाचे बूट घेऊन दारात उभा राहिला की काका शांतपणे म्हणतात, "आराखड्यात आहे."

काकांनी सारी नोकरी नगररचना खात्यात नकाशे काढण्यात घालवली. जन्म कसबा पेठेतला. "आमच्या बोळात समोरून सायकल आली की माणसानं जवळच्या घरात शिरायचं," असं सांगायचे. काकू गेल्यावर ते इथे आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायला आले, ते भविष्यकाळातच. एकदा वॉचमनला त्यांनी खुर्चीवरून उठवलं. "उठा. आपण पाण्याच्या व्हॉल्व्हवर बसलाय." पाणी आमच्याकडे अजून टँकरनं येतं.

तात्यांशी तर रोजचाच सामना.

"तात्या, तुमची म्हैस बसथांब्यावर उभी आहे."

"आसंल. बसची वाट बघत आसंल."

मग काका पिशवीतून नकाशा काढायचे, तात्या पाठ फिरवून वैरण टाकायचे. आम्ही गॅलरीतून हसायचो.

शाळा त्या शेताच्या पलीकडेच आहे. पण जायचं तर हमरस्त्याच्या कडेनं, डंपर चुकवत. एका सकाळी माझी मुक्ता डंपरला घाबरून बाजूला झाली आणि खडीवर पडली. दोन्ही गुडघे फुटले. मी तिला उचलून जिन्यानं वर आणत होते, तेव्हा काका खाली उतरत होते. त्यांनी गुडघे पाहिले आणि तसेच तात्यांच्या गोठ्याकडे गेले. हातात नकाशाची पिशवी नाही हे पाहून मीही, मुक्ताला तिच्या आजीकडे सोपवून, मागोमाग गेले.

"तात्या," काका म्हणाले, "अठरा मीटर राहू द्या. तो यायचा तेव्हा येईल. बांधाच्या कडेनं पोरांपुरती वाट द्याल का?"

तात्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. "आता कसं माणसावानी बोललात! इतकी वर्सं नुसता कागद दावत व्हता. माझी नातबी त्याच शाळंत हाय. किती पायजे?"

"दोन पोरं शेजारी शेजारी चालतील एवढी."

"तीन चालू द्या की."

रविवारी अख्खी सोसायटी घमेली घेऊन बांधावर. आयटीवाले घामाघूम, मुरूम टाकतायत, तात्या त्यांना फावडं कसं धरायचं ते शिकवतायत आणि काका टेप घेऊन सगळ्यांवर ओरडतायत. "रेघ सरळ हवी! हे काय, साप गेलाय का इथून?" मधे एक कडुनिंब आडवा आला. कुणीतरी म्हणालं, तोडू या. काकांनी झाडाकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं, आणि म्हणाले, "वळवा." झाड वाचल्याच्या आनंदात तात्यांनी सगळ्यांना पिठलं-भाकरी घातली.

सोमवारी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून वाटेच्या तोंडाशी उभे होते.

"काका, पहिलं पाऊल तुमचं," मी म्हटलं.

"छे, छे. आधी त्यांना जाऊ द्या."

पोरं निघाली. तात्यांची नात, मुक्ता, बाकीची पाचसहा. दप्तरं हलवत, भांडत, कडुनिंबाला हात लावत. काका एकटक पाहत होते.

"अख्खी नोकरी रस्तेच काढले हो मी," ते हळूच म्हणाले. "मी आखलेल्या वाटेवरून कुणी चालताना मात्र आज पहिल्यांदा पाहतोय. हिला दाखवायचं राहून गेलं. ती विचारायची, तुमचा एखादा रस्ता कधी दाखवणार?"

त्यांनी चष्मा पुसला आणि पोरांच्या मागून चालायला लागले. शाळेच्या फाटकापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. चौथ्या फेरीला गोठ्यातून तात्यांची हाक आली.

"काका, बसा आता, च्या घ्या. रस्ता कुटं पळून चालला न्हाय."

काका खाटेवर टेकले. तोंड मात्र वाटेकडेच करून.