घंटा झाली आणि वल्ही सुटली

माझ्यात मठातलं आता काहीसुद्धा उरलेलं नाही! हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगते. तरुणपणी नन होते, नाही कोण म्हणतंय? पण तो काळा झगा उतरवल्यावर मी मॉन्ट्रियलमध्ये सिटी बस चालवली, एक नवरा केला, तोच पुढे सोडला, आणि सुटे पैसे नसलेल्या प्रवाशांशी अशी भांडले की बिशपनी ऐकलं असतं तर कानात बोटं घातली असती.

म्हणूनच मठ सोडलेल्या आम्हा बायकांचं संमेलन भरवायचं ठरलं, तेव्हा सूत्रं मी हातात घेतली. जागा ठरली लाक व्हेर तळ्याच्या काठावरचं आमचं जुनं उन्हाळी शिबिर. झगा सावरत सावरत आम्ही तिथे शाळेच्या पोरींना पोहायला शिकवायचो. मी सगळ्यांना बजावलं, "इथे नियम एकच. नियम नाही! रांग नाही, मौन नाही, कुणाची परवानगी नाही!"

फक्त जेवणघराबाहेरच्या पाइनच्या झाडाला ती जुनी घंटा तशीच लटकत होती.

मठात घंटा म्हणजे साक्षात देवाची हाक. पहिला ठोका पडला की हातातलं सोडायचं. अक्षर अर्धं तर अर्धं, टाका अर्धा तर अर्धा, तोंडातला शब्दसुद्धा गिळायचा आणि हात बाह्यांत घालून, नजर खाली घालून मुकाट रांगेत यायचं. आमच्या ल्यूसिएनने एकदा उकळतं जॅम तसंच टाकलं होतं. ते पातेलं घासायला तिला पुढचा चातुर्मास पुरला असता!

"काढून टाकू का गं ही घंटा?" ल्यूसिएनने विचारलं. स्वयंपाक अजूनही तिच्याकडेच.

"राहू दे! जेवायला हाका मारायला होईल. एवढ्या वर्षांनी कोण ऐकतंय तिचं?"

पण त्या दिवशी सकाळपासून सगळ्यांचाच जीव थाऱ्यावर नव्हता. कारण फ्लरेट.

फ्लरेटने आयुष्यात एकही गोष्ट स्वतः ठरवलेली नव्हती. आईने घातली म्हणून मठात गेली, बहीण बाहेर पडली म्हणून बाहेर पडली, मावशीने चिकटवली म्हणून पोस्टात लागली. आणि आता साठी उलटल्यावर तिला लग्नाचं विचारणार होता गाएतां! समोरच्या काठावर ब्रदर लोकांचं, म्हणजे पुरुषांच्या मठाचं, मुलांसाठी शिबिर असायचं, तिथला हा ब्रदर. तोही कधीच बाहेर पडलेला. सकाळी कोट घालून, होडी वल्हवत तळं ओलांडून आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "रोलांद, आज विचारतो. हो म्हणाली तर सोनं. नाही म्हणाली तर पलीकडे गाडीत सामान भरून ठेवलंय. भाच्याकडे तिकडे लांब उत्तरेला, आबितिबीला जातो, कायमचा."

इकडे फ्लरेट स्वयंपाकघरात येरझारा घालत होती. तिने गाजरं इतकी बारीक चिरली होती की सुपात दुर्बीण लावून शोधावी लागली असती.

"काय सांगू गं त्याला?"

"तुला वाटतं ते सांग."

"मला काय वाटतं ते कुणीतरी सांगा ना!"

शेवटी तिला ढकलतच होड्यांच्या धक्क्यावर पाठवली. दोघं तिथे उभी राहिली. मी खिडकीतून बघत होते. चोरून नव्हे, काच पुसत होते! गाएतां टोपी हातात फिरवतोय, फ्लरेट पाण्याकडे बघतेय. इथे मटारचं सूप गार होऊन वर साय धरायला लागली. ल्यूसिएन तणतणायला लागली. माझ्याही पोटात कावळे ओरडायला लागले. म्हटलं, बास झालं, जेवून विचारा काय ते! आणि गेले, दोरी धरली, घंटा बडवली.

बायका पत्ते टाकून उठल्या. एकीने केस विंचरता विंचरता फणी डोक्यातच ठेवली. आणि धक्क्यावर फ्लरेटने नुकतं उघडलेलं तोंड मिटलं, नजर खाली घातली, हात स्वेटरच्या बाह्यांत खुपसले, गर्रकन वळली आणि येऊन रांगेत उभी राहिली.

टेबलावर चिडीचूप. नुसते चमचे वाजतायत. सगळ्यांच्या नजरा ज़ेर्मेनकडे. ही आमची त्या वेळची मदर, मठाची मुख्य, आमच्यामागून वर्षभरात तीही मठ सोडून आलेली. म्हातारी आपली सुपात बघत बसलेली.

"मदर," मी वैतागून म्हटलं, "बोलायला परवानगी द्या की यांना!"

"अगंबाई! मी अजून मदरच आहे होय?"

झालं! सगळ्या खो खो हसत सुटल्या. फ्लरेटही हसली. आणि एकदम तिच्या हातातला चमचा पडला.

"अगं, मी त्याला उत्तरच दिलं नाही!"

"काय द्यायचं होतं?"

"हो! हो म्हणायचं होतं गं मला!" असं म्हणून ती जी रडायला लागली!

आम्ही नॅपकिनसकट धावलो. फ्लरेटने पाठ फिरवली तोच नकार समजून निघालेल्या गाएतांची होडी तळ्याच्या मध्यावर पोचली होती. वल्हवणाऱ्याचं तोंड मागच्या काठाकडे असतं, त्यामुळे आम्ही त्याला स्वच्छ दिसत होतो. पण वारा त्याच्याकडून आमच्याकडे, म्हणून आमचा आवाज आमच्याच घशात परत! आम्ही जीव तोडून पांढरे नॅपकिन हलवले. त्याला वाटलं, निरोप देतायत. बिचाऱ्याने टोपी काढून हलवली, डोळे पुसले आणि दुप्पट जोराने वल्हवायला लागला!

"कनू काढ!" मी ओरडले. मी आणि ल्यूसिएन त्या चिंचोळ्या, डुगडुगत्या होडक्यात बसलो. मी उजवीकडे मारते, तर तीही उजवीकडेच मारते. गरागरा फिरून आम्ही परत धक्क्यालाच येऊन आदळलो.

"बस चालवायचीस ना गं तू?" ल्यूसिएन किंचाळली.

"बसला चाकं असतात!"

तेवढ्यात डोक्यात ट्यूब पेटली. ब्रदर लोकांनाही घंटा होतीच की! आणि घंटेला वारा थोडाच अडवतो! मी धक्क्यावर उडी मारली, धावत पाइनपाशी गेले आणि दोरीला लोंबकळले. ठण्ण!

गाएतांने दोन्ही हातांतली वल्ही सोडून दिली. वल्ही अडकवायच्या कड्या गंजून अर्ध्या तुटल्या होत्या, त्यामुळे वल्ही निसटून गेली पाण्यात. इकडे ल्यूसिएननेही आपलं वल्हं सोडलं, तेही वाहून गेलं. गाएतां हात बाह्यांत घालून होडीत मुकाट बसला, आणि वारा त्याला हळूहळू आमच्याकडे आणायला लागला. इतकं हळू, की बघवेना!

शेवटी होडी काठापासून थोड्याच अंतरावर आली, आणि फ्लरेट काठावर तळमळत उभी. तिने मागे वळून बघितलं. "मदर, जाऊ का?"

"मला काय विचारतेस मेले!" ज़ेर्मेन कडाडली. "मी स्वतः खिडकीतून पळून आलेय!"

 फ्लरेट बुटांसकट, स्वेटरसकट सरळ पाण्यात शिरली. गुडघे, कंबर, छाती. होडीची कड धरून ओरडली, "हो!"

"काय?"

"हो म्हणतेय! लग्नाला!"

"मग तोंड फिरवून गेलीस का?"

"घंटा झाली ना!"

"अस्सं होय," गाएतां म्हणाला. "मग बरोबर आहे." आणि त्याने तिला होडीत ओढून घेतलं. दुसऱ्या कुणाशी हिचं लग्न जमूच शकलं नसतं!

सप्टेंबरात लग्न झालं. चर्चच्या अंगणातच जेवण होतं. अर्थातच भाषण माझं. हातात ग्लास घेऊन उभी राहिले आणि सुरुवात केली, "मंडळी, या सगळ्यांत मठातून खऱ्या अर्थाने सुटलेली अशी मी एकटीच, कारण माझ्यात..."

तेवढ्यात वर चर्चची दुपारची घंटा झाली.

पुढचं मला कळलं ते चर्चच्या दाराशी पोचल्यावर. ग्लास टेबलावर, हात बाह्यांत, नजर जमिनीवर. माझ्यामागे रांग लागली असेल म्हणून वळून बघितलं, तर एकजणही उठलेली नव्हती! फ्लरेट तर तोंडात केक कोंबून गाएतांशी अखंड बोलत होती.