कंसातलं सगळं गाळा

शब्द गाळत गेलं की शेवटी सत्य उरतं, असं थोर लोक म्हणतात. ओरिए त्सुकुदाने गाळले, तेव्हा बंदर उरलं.

ती एका लहानशा जपानी बेटाच्या पालिका कार्यालयात कराराने कामाला होती आणि करार मार्चअखेर संपत होता. रोज संध्याकाळी पाचला बेटभरच्या भोंग्यांवरून संगणक दिवसाच्या सूचना वाचायचा. प्रत्येक सूचनेत कंसात क्षमा मागायची, ही कार्यालयाची जुनी रीत. कचऱ्याबद्दल क्षमा, वाऱ्याबद्दल क्षमा, क्षमा लांबल्याबद्दल पुन्हा क्षमा. संगणक तीही भक्तिभावाने वाचायचा.

"अकरा मिनिटं होतात," विभागप्रमुख निशिगुची म्हणाले. "लोकांचा भात गार होतो. कंसातलं सगळं गाळा, त्सुकुदा-सान. आजच. तुमच्या कराराचं उद्या बघणार आहे मी."

एवढे कंस हाताने कोण खोडणार? ओरिएने संगणकाला एक नमुना लिहून दिला: उघडता कंस, मग काहीही, मग मिटता कंस, सापडेल ते पुसून टाक. आता अशा नमुन्यातलं 'काहीही' भलतं हावरट असतं. मुद्दाम आवरलं नाही, तर पहिल्या मिटत्या कंसाशी न थांबता ते थेट शेवटच्या कंसापर्यंत खात जातं. पहिली सूचना होती, 'सर्व रहिवाशांनी (तसदीबद्दल क्षमस्व) काचेच्या बाटल्या वेगळ्या ठेवाव्यात.' शेवटची होती, 'शनिवारी चित्रं काढायला मुलांनी (वाऱ्याबद्दल आगाऊ क्षमस्व) बंदरावर यावं.' मधल्या चौदा सूचना पोटात गेल्या.

पाचला भोंगे म्हणाले, "सर्व रहिवाशांनी बंदरावर यावं." आणि गप्प झाले.

ओरिए धावत पोहोचली, तेव्हा अख्खं बेट धक्क्यावर उभं होतं. कुणी ओल्या केसांनी, कुणी हातात डाव घेऊन. कशाला बोलावलंय, हे कुणीच विचारत नव्हतं. विचारलं तर शेजाऱ्याला उत्तर द्यायची तसदी. समुद्रावर धुकं पसरलं होतं. पलीकडची बेटं पाण्यापासून सुटून वीतभर वर तरंगत होती.

"बुन्झो-आजोबा, घरी जा ना," ती एका म्हाताऱ्या कोळ्याच्या कानाशी लागली. "चूक झालीये माझी. नोकरी जाईल."

"हळू बोल, पोरी. सुरू झालंय."

"काय सुरू झालंय?"

"मला काय विचारतेस? बोलावलंय तुम्ही."

"तू मधे पडू नकोस गं," आजोबांची बायको म्हणाली. "चाळीस वर्षांत हा माणूस इतका वेळ गप्प उभा राहिलेला नाही."

सूर्य धुक्यात विरघळला. कुणीतरी समुद्राला वाकून नमस्कार केला, मग सगळ्यांनीच केला. समुद्राने दखल घेतली नाही. लोक तृप्त चेहऱ्याने घरी गेले.

सकाळी ओरिए राजीनामा घेऊन निशिगुचींसमोर उभी राहिली.

"हे कशाला? करार वाढवलाय तुमचा."

"लोकांना आवडलं म्हणून?"

"छे. त्या जागेसाठी दुसरा अर्जच आलेला नाही."