गाडीचं जागरण

गाडी विकायची नाही म्हणजे नाही! आयुष्यभर मी कुणाला ‘नाही’ म्हणालेलो नाही. हॉटेलात दुसऱ्याचा डोसा समोर आला तरी मुकाट खाल्ला. पण गेल्या आठवड्यात फोनवर साकेतला, म्हणजे बंगळूरच्या आमच्या चिरंजीवांना, ठणकावून सांगितलं!

“अप्पा, तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. दोन बॅटऱ्या बदलल्या. रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतो.”

“आण! त्याआधी वीज कोण खातंय ते मी शोधतो!”

“तुम्ही?”

खरं तर तीच शंका मलाही होती.

दोन पुस्तकं वाचली, टिपणं काढली, बॅटरीतून जाणारी वीज मोजायचा मीटर आणला. हल्लीची गाडी बंद केली की थोड्या वेळानं झोपते; मग मीटरचा आकडा पन्नासच्या खाली यायला हवा. आमचा चारशेवर! गाडी लग्नघरातल्या आचाऱ्यासारखी टक्क जागी!

मग एकेक फ्यूज उपटायला लागलो. रेडिओचा काढला. चारशे! काचांचा काढला. चारशे! पोर्चच्या कट्ट्यावर फ्यूजची भातुकली मांडली गेली.

“अहो, गाडी दुरुस्त करताय की सोलताय?” आमच्या हेमावतीनं विचारलं आणि देवाची भांडी ताटासकट उचलून ती परसात घासायला गेली. जरा वेळानं आकडा धाडकन तीसवर!

“हेमा, काय केलंस?”

“तांब्या घासतेय!”

“सगळं परत आण!”

आणलं. चारशे!

“ने! परसात ने!”

नेलं. तीस!

“आण!”

“साकु री!” पुरे झालं, असं ती कन्नडमध्ये कडाडली. “देव घासू की तुमचा आकडा नाचवू?”

मी ताटात डोकावलो. समईशेजारी गाडीची किल्ली! ही बटणवाली किल्ली जवळ असली की मालक आला असं समजून गाडी जागी होते. देव्हारा आणि पोर्च यांच्यात एकच भिंत. बिचारी महिनोन्‌महिने माझी वाट बघत जागत होती!

“आणि किल्ली देवापुढे ठेवतं कोण?” हेमानं विचारलं.

गाडी चालवायची भीती वाटते म्हणून रोज मीच ठेवतो.

आता किल्ली मागच्या खोलीत, शेंगाचटणीच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात असते; तिथून तिची हाक गाडीला ऐकू जात नाही. रविवारी साकेतसमोर बटण दाबलं, गाडी पहिल्या फटक्यात सुरू! गिऱ्हाईक चहा पिऊन परत गेलं.

तेवढा एक फ्यूज माझ्या खिशात उरलाय आणि हॉर्न वाजत नाही. नाही तर नाही! गाडी घेतल्यापासून सहा वर्षांत मी तो वाजवलाय कधी?