नऊ वाजताचं औषध

व्हिएतनाममधल्या कान थोच्या बाजारात उन्हाचे कोट शिवणाऱ्या लोआनच्या रक्तात ड जीवनसत्त्व फार कमी निघालं, तेव्हा तिला ते पटलं नाही. ऊन तर बारा महिने डोक्यावर होतं. तिचा धंदाच त्यावर चालायचा. डोक्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत झाकणारा तिचा कोट घातल्याशिवाय बाजारातली एकही बाई स्कूटर काढत नसे.

तिची थोरली बहीण तीन वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाने गेली होती. म्हणूनच बहिणीच्या मुलीने, दियूने, मावशीला दवाखान्यात ओढून आणलं होतं. डॉक्टर खुएबाईंनी सांगितलं की, हे जीवनसत्त्व कमी असलेल्या बायकांत तो रोग जास्त दिसतो, असं काही अभ्यास म्हणतात; पण एकामुळे दुसरं होतं, हे सिद्ध झालेलं नाही. त्यांनी गोळ्या देऊ केल्या, त्या लोआनला नको होत्या. मग रोज वीस मिनिटं उन्हात बसायला सांगितलं, आणि छातीची तपासणी मात्र याच आठवड्यात करायला.

लोआनने ऊन घेतलं. तपासणी 'पुढच्या आठवड्यावर' टाकली. बहिणीचंही सगळं त्या तपासणीतल्या काळ्या-पांढऱ्या फोटोपासूनच सुरू झालं होतं.

तीन महिने ती सकाळी नऊला घड्याळ लावून नदीच्या पायऱ्यांवर बसली. एक दिवस चुकवला नाही. शेजारची मासेवाली न्हान चौकशी करून गेली आणि दुसऱ्या दिवसापासून तीही बसू लागली. मग आणखी तिघी आल्या.

पुन्हा रक्त तपासलं, तर आकडा होता त्याहून खाली. खुएबाई गंभीर झाल्या. अंगी काही लागत नाही, म्हणजे आत कुठेतरी बिघाड असणार. यकृत झालं, मूत्रपिंडं झाली, आतडी झाली. सगळं ठणठणीत. दियूची रजा संपली, लोआनच्या दंडावर टोचायला जागा उरली नाही.

"आता एकच तपासणी राहिली," डॉक्टर म्हणाल्या.

इतक्या यंत्रांतून गेलेली लोआन नाही म्हणायचं विसरली.

फोटोत हरभऱ्याएवढी गाठ दिसली. हाताला लागली नसती इतकी खोल. गाठ रोगाचीच होती, पण पसरली नव्हती. ती काढली.

महिन्याभराने खुएबाई कामावर जाता जाता पायऱ्यांशी थांबल्या. लोआन पुन्हा बसायला लागली होती. पाचही बायका एका ओळीत होत्या. डोक्यावर टोप्या, तोंडावर मास्क, हातमोजे, पायमोजे आणि लोआनने शिवलेले कोट, गळ्यापर्यंत बंद.

"तीन महिने अशाच बसलात?"

"मग? उन्हात काय उघडं बसायचं?" न्हान म्हणाली. "काळं पडायला?"

"डॉक्टर, तुम्ही हे सांगितलंच नाहीत," लोआन म्हणाली.

खुएबाईंची नजर खाली गेली. स्कूटरच्या मुठीवरचे त्यांचे हात बोटांपर्यंत झाकलेले होते. कोट लोआनकडचाच, दोन वर्षांपूर्वीचा. कोट काढून बसा, हे सांगायला आपल्याला सुचलं कसं नाही, हे त्यांना आता कळलं.

मावशीला पाहायला आलेली दियू तिच्याजवळ टेकली. "पहिल्याच दिवशी कोट काढला असतास तर आकडा चढला असता, मावशी. एवढी वणवण वाचली असती."

लोआनने हातमोजा काढला आणि पांढराफटक हात उन्हात धरला.

"चढला असता," ती म्हणाली. "आणि तपासणीला मी 'पुढच्या आठवड्यात' गेले असते."